आवाज लागेपर्यंत

मैत्रिणीच्या शोकसभेत मला बोलायचं होतं. रविवारची सकाळ, दहाची वेळ, विठ्ठलमंदिराच्या मागचं छोटं सभागृह. भिंतीशी टेबल, त्यावर हार घातलेला तिचा फोटो, शेजारी उदबत्ती, आणि वरचा घरघरणारा पंखा तिचा सगळा धूर पहिल्या रांगेवर ढकलत होता. काय बोलायचं ते आदल्या रात्री मी कागदावर उतरवून ठेवलं होतं. माईकसमोर गेले, कागद उलगडला, 'नमस्कार' म्हणायला तोंड उघडलं आणि आवाज मध्येच फाटला. 'नम' तेवढं आलं, पुढचं सगळं वारं. खाकरून पुन्हा सुरुवात केली, तर सूर एकदम वर उडाला आणि कोसळला. समोर पदर डोळ्यांना लागले. मागून कुणीतरी पाण्याचा पेला पुढे केला. तिच्या मोठ्या जाऊबाई उठून आल्या, माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "रडून घ्या हो. मोकळ्या व्हा."

मी रडत नव्हते.

डोळे कोरडे होते. आदल्या संध्याकाळी वाण्याला फोनवर सामान सांगितलं होतं, त्यानंतर थेट त्या माईकसमोर माझ्या तोंडून शब्द निघाला होता. मधल्या पंधरा-सोळा तासांत कुणाशी बोलायचा प्रसंगच आला नव्हता. एकटीनं राहणाऱ्या बाईच्या घरी यात नवल काही नाही. चहा न बोलता होतो, पूजा मनातल्या मनात होते, रिक्षासुद्धा हल्ली मोबाइलवर बोलावली की चार आकडे दाखवून बसता येतं. असा न उघडलेला गळा घेऊन मी उभी राहिले आणि तो ऐन वेळी उघडेना, एवढंच झालं होतं. पण सभा संपल्यावर एकेक जण येऊन हात हातात घेत होता. "फार भरून आलं होतं तुम्हाला." "तुमच्याच्यानं बोलवेना, आम्हालाही बघवेना." मी मान हलवत राहिले. 'अहो, नुसता आवाज लागला नव्हता' हे वाक्य ओठांपर्यंत येऊन परत गेलं. त्या फोटोसमोर ते कसं म्हणायचं? घरी आल्यावर मात्र ते खुपायला लागलं. पंचावन्न वर्षांपासूनची मैत्रीण गेली, आणि लोकांनी तिच्या नावानं माझ्या ओंजळीत जे दुःख घातलं ते मी न रडता घेऊन आले होते.

आवाज 'लागतो' हे मी पहिल्यांदा गाण्याच्या बाईंकडे ऐकलं. आम्ही दोघी मिरजेच्या. ब्राह्मणपुरीत बाईंचं घर होतं आणि पहाटे साडेपाचला शिकवणी असायची. हिवाळ्यात शहाबादी फरशी इतकी गार पडायची की सतरंजीतूनही थंडी मांडीला लागे. परसात पाण्याचा बंब पेटलेला, त्याचा धूर आणि शेणीचा वास माजघरापर्यंत येई. बाई तंबोऱ्याची गवसणी काढत, घडी घालून बाजूला ठेवत, मग तो मांडीवर आडवा घेऊन कान तारांशी नेत. आधी जोडाच्या दोन तारा, मग खर्ज, मग पंचम. खुंटी सरकायला लागली की तिला खडू चोळायचा. घोडीवर, तारा टेकतात तिथं, तारेखालचा दोरा नखानं केसभर इकडे, केसभर तिकडे सारायचा, जवारी, म्हणजे तारेचा गुंजारव, खुलेपर्यंत. शेवटी बारीक जुळणीला मणी. हे सगळं दहा मिनिटं तरी चालायचं आणि तोवर आम्ही चकार शब्द काढायचा नाही. मग एका क्षणी चार तारा वेगळ्या ऐकू येईनाशा होत आणि खोलीत भुंग्यासारखं काहीतरी फिरायला लागे. बाई वर बघून म्हणत, "हा लागला. आता तुमचा लावा."

आमचा लावायला त्याहून जास्त वेळ लागे. पलटे नाहीत, ताना तर नाहीतच. मधल्या षड्जावर थांबायचं, मग एकेक पायरी खाली, निषाद, धैवत, मंद्र पंचम. अकरा-बारा वर्षांच्या पोरींना त्याच्याखाली कुठलं जाता यायला? पंचमावरच आवाजाला नुसती हवा लागायची. बाई मात्र त्याही खाली अशा उतरत की आडातून वर गेलेली बादली परत पाण्याला टेकावी. आमचा तळहात आमच्याच छातीवर ठेवायला लावत. "हाताला मुंग्या आल्या पाहिजेत," म्हणत. कधी ओठ मिटून नुसता गुंजार करायला लावत, नाकाच्या शेंड्याला गुदगुल्या होईपर्यंत. पाऊण तास गेला तरी गाणं म्हणून काही सुरू झालेलं नसे. मला याचा फार कंटाळा येई. ती मात्र डोळे मिटून त्या एका स्वरावर बसून राही, आणि मी तिच्या मिटलेल्या पापण्यांकडे बघत वेळ काढी.

बाईंचा एक नियम होता. घरून निघाल्यापासून शिकवणीला बसेपर्यंत बोलायचं नाही. दिवसाचा पहिला उच्चार षड्जाचा. आमची घरं एका बोळात, वाट दहा मिनिटांची, आणि हा नियम आम्ही रोज मोडत असू. अंधारात एकमेकींचे हात धरून कुजबुजत, मग कुजबुजीचं हसू होऊन, मग चक्क मोठ्यानं. बाईंच्या दारापाशी आलं की दोघी चिडीचूप. एकदा कशावरून तरी कडाक्याचं भांडण झालं. कारण आता आठवत नाही. सगळी वाट मुकाट चाललो, आयुष्यात पहिल्यांदा नियम पाळला, आणि त्या दिवशी दोघींचेही षड्ज घशात अडकले. तिचा खरखरला, माझा चिरकला. बाई तंबोरा छेडता छेडता थांबल्या.

"भांडलात का गं दोघी?"

म्हणजे त्यांना पहिल्यापासून माहीत होतं. रोज वाटेत बडबडून आमचे गळे निम्मे मोकळे होऊन येतात, हे त्यांना पहिल्या आवाजावरून कळत असणार. तरी त्यांनी तो नियम काढला नाही आणि आम्हीही मोडायचं थांबवलं नाही. मिरजेत हे ऐकणारे कान बरेच होते. सतारमेकरांच्या गल्लीत पोरं रंधा मारता मारता जवारी ओळखायला शिकत. उरुसात मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या आठवणीत गाणं होई, ते ऐकायला बाई आम्हाला नेत आणि म्हणत, "गाणं नंतर ऐका. बसल्यावर पहिला सा कसा लावतात ते आधी ऐका." पुढे पुण्यात सवाई गंधर्व महोत्सवाला जायला लागले, रात्रभर चालायचा तेव्हा, शेवटच्या पहाटे भीमसेनजींचं गाणं ऐकून उजाडताना घोंगडी-शाली सावरत घरी यायचो, तेव्हाही मला सगळ्यात ओढ असायची ती प्रत्येक गायकाच्या पहिल्या पाच-दहा मिनिटांची. तंबोरे जुळत असतात, गायक मान जराशी वाकडी करून ऐकत असतो, आणि मग जो पहिला स्वर येतो त्यात दमदारपणा नसतो. चाचपणी असते. अंधाऱ्या खोलीत भिंतीला हात लावत पुढे जावं तशी. लोक अजून सतरंजीवर जागा करत असतात, थर्मास उघडत असतात. मला वाटतं त्या वेळी गायक फक्त स्वतःसाठी गात असतो आणि आपण ते चोरून ऐकतो.

हे चाचपणं म्हणजे नेमकं काय, ते मला गाण्यानं नाही, शाळेनं शिकवलं. एकतीस वर्षं मी मराठी शिकवलं. साठ-पासष्ट मुलांचा वर्ग, खाली रस्ता, शेजारच्या वर्गात पाढे. बरीच वर्षं परिपाठ माझ्याकडे होता. प्रार्थना, प्रतिज्ञा, सुविचार, पंधरा-वीस मिनिटं मुलांबरोबर गाऊन-म्हणून मगच मी वर्गात जाई. मग वेळापत्रक बदललं, परिपाठ दुसऱ्या बाईंकडे गेला आणि मी बसमधून उतरून थेट वर्गात शिरून "बसा खाली!" असं ओरडायला लागले. त्या वर्षी दिवाळीपर्यंत आवाज घोगरा झाला आणि सुट्टीतही सुटला नाही. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी घशात कॅमेरा घालून पडद्यावर दाखवलं. मोत्याच्या रंगाच्या दोन लहानशा पट्ट्या, बोटाच्या पेराहूनही आखूड, आणि त्यांच्या कडेवर समोरासमोर दोन बारीक फुगवटे. हाताला घट्टे पडतात तसे. इतकी वर्षं ज्याच्यावर पोट भरलं ते हे एवढंसं असतं हे बघून मला त्या पट्ट्यांची दया आली. मी त्यांच्याशी फार वाईट वागले होते.

तिथल्या व्हॉइस थेरपिस्ट मुलीनं मला कुजबुजायचीसुद्धा बंदी केली. आवाजाला विश्रांती म्हणून माणसं कुजबुजतात, पण कुजबुजताना घसा आवळला जातो, ती विश्रांती नव्हे. मग तिनं एका पेल्यात दोन बोटं पाणी घेतलं, त्यात नळी घातली आणि म्हणाली, "काकू, यातून बुडबुडे काढत 'ऊ' म्हणा. खालून वर, वरून खाली. हळू." मग बाळं 'भुर्रर्र' करतात तसे ओठ फुरफुरवत तेच. मग मिटल्या ओठांनी गुंजन. त्यामागचं कारण तिनं इतकं स्वच्छ सांगितलं की अजून लक्षात आहे. तोंड जवळजवळ बंद असलं की आतल्या हवेचा दाब थोडा मागे, घशाकडे येतो, आणि त्या आधारावर स्वरतंतू एकमेकांवर न आदळता हलकेच थरथरतात. बाईचा गळा साध्या बोलण्यातही सेकंदाला दोनशेच्या आसपास वेळा थरथरतो. रात्रभर निजून ते तंतू किंचित सुजलेले, जडावलेले असतात, म्हणून सकाळचा आवाज जाड येतो. त्या जडपणावरच एकदम जोर लावला की ते घासतात. मी तिला म्हटलं, आमच्या बाई मिटल्या ओठांनी हेच करून घ्यायच्या. ती म्हणाली, "मग तुम्ही सोडलंत कधी?" मला उत्तर देता आलं नाही. ज्येष्ठमधाचं विचारलं, कारण बाईंकडे प्रत्येकीच्या गालात त्याचा तुकडा असायचा. तर म्हणाली, खुशाल चघळा, बरं वाटतं, पण गिळलेलं काहीच स्वरतंतूंवरून जात नाही, त्याची वाट मागची, अन्ननलिकेची. त्यांना ओलावा हवा तर काही तास आधीपासून पाणी पीत राहायचं. आयत्या वेळी माईकजवळ घेतलेला घोट घशाला धीर देतो, तेवढंच.

त्या आजारपणात ती, माझी मैत्रीण, रोज संध्याकाळी येऊन समोर बसायची. मला बोलायची बंदी, म्हणून तीच बोलायची. अल्लादिया खाँसाहेबांची गोष्ट तिनं मला तेव्हा पुन्हा सांगितली, बाई सांगायच्या तशीच. तरुणपणी एका संस्थानिकाकडे रोज तासन्‌तास गाऊन त्यांचा आवाज गेला, आणि जो उरला त्याला पेलेल अशी नवीनच गायकी त्यांनी घडवली. पुढे शाहू महाराजांच्या कोल्हापुरात तीच दुमदुमली. कुमारजी, म्हणजे कुमार गंधर्व, क्षयानं देवासला अंथरुणाला खिळले, गायची मनाई झाली, आणि उठले ते वेगळंच गाणं घेऊन. "तुला नुसता सातवीचा वर्ग घ्यायचाय," ती म्हणाली, "तेवढा आवाज देवाकडे नक्की शिल्लक असेल." मला हसायचीही बंदी होती. फुगवटे चार महिन्यांत जिरले.

आणि मग तिनं फोन सुरू केला. रोज सकाळी पावणेसातला.

"परिपाठ नाही ना तुझा, मग हा परिपाठ," असं म्हणून तिनं सुरुवात केली ती मी निवृत्त झाल्यावरही थांबली नाही. फोन उचलून मी 'हं' म्हटलं की पलीकडून पहिला निकाल यायचा. "आज बसलाय." किंवा "आज लागलाय गं छान." मग दूधवाला, गुडघे, सुनेनं केलेले पोहे, कोण गेलं, कुणाला नात झाली. पंधरा मिनिटं, वीस मिनिटं. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं ती अख्खी बातमी तिनं मला पावणेसातला मोठ्यानं वाचून दाखवली होती, आणि त्या गल्लीतल्या लाकडाच्या भुश्श्याचा वास दोघींना एकाच वेळी आठवला होता. फोन ठेवताना माझा आवाज स्वयंपाकघरात घुमत असायचा. मी त्याला कधी रियाज म्हटलं नाही. तीही म्हणाली नाही.

भजनी मंडळात आमच्या दोघींचा एक कायमचा वाद होता, पट्टीचा, म्हणजे पेटीवरची कितवी काळी किंवा पांढरी पट्टी षड्ज धरून गायचं त्याचा. लहानपणी दोघींची काळी चार. पाळी गेल्यावर बायकांचे स्वरतंतू थोडे जाडावतात, आवाज उतरतो, तसा माझा उतरत उतरत पांढरी चारवर आला. तिचा उतरलाच नाही. काळी चार म्हणजे सेकंदाला साधारण २०८ थरथरी, पांढरी चार म्हणजे १७५. या दोन बायकांना एका अभंगात कसं बसवायचं? शेवटी मंडळानं पांढरी पाच ठरवली. मला वरचा षड्ज ओढून काढावा लागे आणि तिला खालचं गार वाटे. ती कुरकुरायची, मीही कुरकुरायची, आणि दर गुरुवारी मोबाइलवरचा तंबोरा पांढरी पाचवर लावून दोघी शेजारी शेजारी बसायचो.

शोकसभेनंतर आठवड्यानं सकाळी गॅसवाला आला. दार न उघडता मी आतूनच "कोण?" विचारलं. दार उघडल्यावर तो सिलिंडर खांद्यावर घेऊन तसाच उभा राहिला. "आजी, बरं नाही का तुम्हाला? आवाज कसा येतोय." मी घड्याळात बघितलं. सव्वानऊ. उठल्यापासूनचा तो माझा पहिला शब्द होता. "नाही रे, बरी आहे," म्हटलं, त्याला पैसे दिले, चहा विचारला, तो नको म्हणाला, आणि तो जिना उतरून गेल्यावर मी दाराशीच उभी राहिले. शोकसभेच्या दिवशी माझा आवाज का लागला नव्हता, ते तेव्हा मला कळलं. त्या सकाळीही पावणेसात वाजले होते. फोन आला नव्हता. कसा येणार होता?

जाऊबाईंना कळलं होतं, मला कळायला आठवडा लागला.

दुपारी कपाटामागच्या कोपऱ्यातून तंबोरा काढला. पहिल्या काही पगारांतून मिरजेहून आणलेला, पंढरपूरकडच्या भोपळ्याचा. तीन-चार वर्षांत त्याला हात लागला नव्हता. गवसणीला कोळ्याचं जाळं, तारांवर गंज, घोडीवरचे दोरे कुजून गेलेले. तारांची एक पुडी जपून ठेवलेली होती. नवीन तारा चढवताना बोटाला एक टोचली. खर्जाची पितळी तार बसवायला सगळ्यात वेळ गेला, खुंटी सारखी फिरून सैल होत होती. शाळेतून आणलेले खडू अजून घरात आहेत, त्यातला एक चोळला. नवीन तारा ताणतात, टिकत नाहीत, रात्रीपर्यंत तीन वेळा जुळवल्या.

दुसऱ्या दिवशी पावणेसातला बसले. तारा पुन्हा उतरलेल्या होत्या. कान नेऊन जोड जुळवला, खर्ज, पंचम, दोरा सारला. हात आपोआप फिरत होते. जवारी खुलली तेव्हा लक्षात आलं की मी पांढरी पाच लावली आहे. घरात मी एकटी, पट्टी माझी मला ठरवता येत होती. पांढरी चारवर गळ्याला किती बरं वाटलं असतं. खुंटी सैल करायला हात गेला, आणि तिथेच थांबला. ओठ मिटून गुंजार सुरू केला. षड्ज फाटला, सभागृहात फाटला होता तस्साच. थोडा वेळ तसाच फाटू दिला, जोर लावला नाही. मग निषाद, धैवत, पंचम. हाताला मुंग्या यायला पंचवीस मिनिटं लागली. खाली उतरायला ही पट्टी मला सोपी जाते. वरचा षड्ज अजून ओढूनच काढावा लागतो, पण गुरुवारी मंडळात तंबोरा पांढरी पाचवरच लावायला सांगणार आहे.